खेळातले ‘आपण’



कामगार संघटनेत जन्म घालवलेल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले, की तो बोनस, महागाईभत्ता आणि कामगार कायदे यांवर बोलणार, हे श्रोते धरूनच चालतात. आज आम्ही त्या वाटेने जाणार नाही. अमेरिकेत इंडियाना नावाचे एक राज्य आहे. तिथल्या शाळा-कॉलेजांतली पोरे बास्केटबॉल खेळतात आणि सारे राज्य ते पाहण्यासाठी वेडे होते. त्या वेडाबद्दल आम्ही बोलणार आहोत. आम्ही स्वतः हा खेळ कधी खेळलो नाही, आणि इंडियानाही पाहिलेले नाही. आमचे शाळेतले शिक्षण थोडके. पुढचे सगळे सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकांवर झाले. मग हा विषय आमच्याकडे आला कुठून?

तो आला संपाच्या इतिहासातून. १९३६ च्या डिसेंबरअखेर जनरल मोटर्स कंपनीच्या कामगारांनी कारखान्यातच ठिय्या देऊन एक प्रसिद्ध संप केला. त्याचे मुख्य ठाणे मिशिगन राज्यातले फ्लिंट. परंतु इंडियानातल्या अँडरसन या गावीही कंपनीचे मोठे कारखाने होते, आणि मोटारींचे दिवे करणाऱ्या तिथल्या कामगारांनीही ठिय्या दिला. गावाची चूल बव्हंशी याच कंपनीच्या पगारावर पेटणारी. संपाने गाव दुभंगले. १९३७ च्या जानेवारीत संपविरोधी जमावाने युनियनच्या कचेरीवर हल्ला केला. फेब्रुवारीत गोळ्या झाडल्या गेल्या आणि गव्हर्नरला लष्करी कायदा पुकारावा लागला. आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात, मार्च १९३७ मध्ये, याच अँडरसनच्या हायस्कूलने बास्केटबॉलचे राज्य अजिंक्यपद जिंकले!

कचेरीवर चालून जाणारा आणि कचेरीत बसणारा, दोघांचाही संघ एकच. दोघेही त्या पाच जणांना ‘आपली पोरे’ म्हणत असणार. एकी घडवणे हाच ज्यांचा धंदा, अशा आमच्यासारख्यांना इथे प्रश्न पडतो. ‘आपले’ हा शब्द खेळाच्या वेळी एवढ्या माणसांच्या तोंडी एकदम येतो कसा? आणि तो खरा किती? आजचे आमचे बोलणे या एका प्रश्नाभोवती आहे.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. कुस्ती किंवा हुतूतू हे खेळ कोणी शोधले ते सांगता येणार नाही. बास्केटबॉलचे तसे नाही. तो एका माणसाने ठरवून रचला. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने, हिवाळ्यात चार भिंतींत कोंडलेल्या विद्यार्थ्यांसाठी, पीच फळांच्या दोन टोपल्या उंचावर ठोकून हा खेळ सुरू केला. वाय. एम. सी. ए. या संस्थेच्या शाखांमधून तो पसरला. हिंदुस्थानातही तो याच संस्थेच्या हातून आला, आणि मुंबईच्या नागपाड्यात तो कित्येक दशके जीव ओतून खेळला जातो, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल.

इंडियानात मात्र तो नुसता आला नाही, मुरला. याची कारणे सरळ आहेत. हे मक्याचे राज्य. पीक घरात आले, की पुढे लांबलचक थंडी. बाहेर बर्फ आणि हाताला काम कमी. गावे लहान, शाळाही लहान. त्यांच्या फुटबॉलला अकरा दांडगी पोरे लागतात. दीडशे मुलांच्या शाळेत ती आणायची कुठून? पण पाच पोरे कुठेही मिळतात. कोठाराच्या भिंतीला एक लोखंडी कडे ठोकले, की सरावाची सोय झाली. १९११ साली हायस्कुलांची पहिली राज्य स्पर्धा झाली आणि क्रॉफर्ड्सव्हिल गावाने ती जिंकली. १९२० ते १९२२ अशी सलग तीन वर्षे फ्रँकलिन या छोट्या गावाने अजिंक्यपद राखले. १९२५ साली खुद्द नेस्मिथ अंतिम सामन्याला आले आणि आपल्या टोपलीच्या खेळासाठी जमलेली हजारोंची गर्दी पाहून थक्क झाले.

या वेडाची मोजदाद करायची तर क्रीडागृहे पाहावीत. न्यूकॅसल हे वीस हजार वस्तीचे गाव. १९५९ साली तिथे हायस्कूलसाठी जे क्रीडागृह उघडले, त्यात नऊ हजारांहून अधिक माणसे बसत. आमच्या अँडरसनने १९६१ साली ‘विगवॉम’ नावाचे क्रीडागृह उभारले, तेही नऊ हजारांच्या घरातले. शाळेच्या पोरांचा खेळ पाहायला निम्मे गाव एका छपराखाली बसेल, अशी ही तजवीज! १९९० साली इंडियानापोलिस शहरात हायस्कुलांचा अंतिम सामना झाला, त्याला ४१,०४६ प्रेक्षक होते. इंडियानाच्या माणसाला ‘हूझियर’ म्हणतात, म्हणून या ज्वराला तिथे ‘हूझियर हिस्टेरिया’ असेच नाव पडले आहे.

आमच्या चळवळीतले काही मित्र म्हणतील, की ही सगळी मालकांनी चारलेली अफू आहे. माणूस सामना बघण्यात रमला, की मजुरीचा हिशोब विसरतो. आम्हांला हे पटत नाही. १९२० च्या दशकात रॉबर्ट आणि हेलन लिंड या दांपत्याने इंडियानातल्या मन्सी गावाचा बारकाईने अभ्यास केला आणि १९२९ साली ‘मिडलटाउन’ हा ग्रंथ लिहिला. गावात दोन वर्ग आहेत, एक हातांनी वस्तू घडवणाऱ्यांचा आणि दुसरा व्यवहार चालवणाऱ्यांचा, आणि माणूस सकाळी किती वाजता उठतो इथपासून त्याची पोरे किती शिकतात इथपर्यंत सारे त्यावर ठरते, हे त्यांनी दाखवले. त्याच ग्रंथात त्यांनी नोंदवले, की शाळेच्या सामन्याला मात्र पेढीवाला आणि यंत्रावरचा कामगार एकाच बाकावर बसून एकच आरोळी देतात. ज्यांनी फटी मोजल्या, त्यांनीच हा सांधाही पाहिला. तेव्हा तो खोटा म्हणून झटकून टाकता येणार नाही. तिकिटासाठी रांगेत उभे राहणे, बर्फातून शेजारगावी सामन्याला जाणे, क्रीडागृहासाठी पैसा उभा करणे, हरलेल्या पोरांच्या पाठीवर हात ठेवणे, या सवयी ज्या गावाला आहेत, त्या गावाला संघटना काय ते निराळे शिकवावे लागत नाही.

आणि या स्पर्धेत एक मोठी गोष्ट होती. १९९७ पर्यंत राज्यातल्या लहानमोठ्या सर्व शाळांची स्पर्धा एकच असे. शंभर मुलांची शाळा आणि दोन हजार मुलांची शाळा एकाच पंगतीला. हरला तो बाद. १९५४ साली अशा साडेसातशेवर शाळा उतरल्या होत्या. त्यांतली एक मायलन गावची. पटावर एकूण १६१ मुले. हे मायलन जिंकत जिंकत २० मार्च १९५४ रोजी अंतिम सामन्यात पोचले. समोर मन्सी सेंट्रल, दहापटीने मोठी शाळा आणि त्याआधी कितीदा तरी अजिंक्य ठरलेली. शेवटच्या भागात मायलनचा बॉबी प्लंप हा पोरगा चार मिनिटांहून अधिक काळ चेंडू हातात धरून जवळजवळ जागचा हलला नाही. हजारो माणसे श्वास रोखून पाहत होती. बरोबरी झाली, आणि अखेरच्या काही सेकंदांत प्लंपने चेंडू टोपलीत घातला. ३२ विरुद्ध ३०! दुसऱ्या दिवशी पोरे गावी परतली तेव्हा हजाराच्या आसपास वस्तीच्या त्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुतर्फा सुमारे चाळीस हजार लोक लोटले होते, असे सांगतात. पुढे १९८६ साली या घटनेवरून ‘हूझियर्स’ हा चित्रपट निघाला.

इथपर्यंत ऐकून आपल्याला वाटेल, की ‘आपले’ या शब्दाची परीक्षा झाली आणि तो उतरला. नाही. खरी परीक्षा पुढच्याच वर्षी झाली.

मायलनने त्या स्पर्धेत वाटेत इंडियानापोलिसच्या क्रिस्पस अटक्स हायस्कूललाही हरवले होते. ही शाळा कृष्णवर्णीय मुलांची. ती १९२७ साली उघडली. शिक्षणाचा कळवळा येऊन ती काढली होती असे नव्हे. गोऱ्या पोरांच्या बाकावर काळी पोरे बसू नयेत म्हणून ती काढली होती. ते दशक इंडियानात कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेष्ट्या संघटनेच्या जोराचे. १९२४ साली निवडून आलेला गव्हर्नरही तिच्या पाठिंब्याचा. राज्याच्या हायस्कूल क्रीडा संघटनेने १९४२ पर्यंत कृष्णवर्णीयांच्या शाळांना स्पर्धेत घेतलेच नाही. म्हणजे ज्या ‘एका पंगती’चे आम्ही आता कौतुक केले, त्या पंगतीतून काही पाने आधीच उचलून ठेवलेली होती. अटक्सला स्वतःचे पुरेसे क्रीडागृहसुद्धा नव्हते; राज्यभर गावे नऊ नऊ हजारांची क्रीडागृहे बांधण्याच्या ईर्ष्येत असताना ही पोरे दुसऱ्यांच्या जागेत खेळत.

या शाळेत ऑस्कर रॉबर्टसन होता. घरची गरिबी. चेंडू विकत घेण्याची ऐपत नाही, म्हणून टेनिसचे चेंडू आणि रबराने बांधलेल्या चिंध्या टोपलीत टाकून हा पोरगा शिकला. रे क्रो या प्रशिक्षकाच्या हाताखाली अटक्सने १९५५ साली राज्य अजिंक्यपद जिंकले. सर्वांना खुल्या असलेल्या राज्य स्पर्धेत केवळ कृष्णवर्णीयांच्या शाळेने अजिंक्य ठरण्याची ही साऱ्या अमेरिकेतली पहिली वेळ. १९५६ साली तर एकही सामना न हरता त्यांनी ते पुन्हा जिंकले.

१९५५ च्या विजयानंतर रिवाजाप्रमाणे मिरवणूक निघाली. पोरे अग्निशामक दलाच्या गाडीवर चढली. शहराच्या मध्यभागी स्मारकाचा मोठा चौक आहे. विजयी संघाचा जल्लोष तिथे व्हायचा, हा शिरस्ता. अटक्सच्या गाडीला त्या चौकाला फेरी मारू दिली आणि मग ती वळवून कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या एका बागेत नेली. जल्लोष करायचा तो तिकडे करा! राज्याच्या राजधानीला पहिले अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या पोरांना राजधानीच्या चौकात थांबायला जागा नव्हती. ही सल रॉबर्टसनने अनेक वर्षांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. २०१५ साली, म्हणजे साठ वर्षांनी, त्या संघातल्या हयात खेळाडूंना शहराच्या वार्षिक मिरवणुकीत अग्रमान देण्यात आला. उशिरा का होईना, दिला. पण तोवर पोरे म्हातारी झाली होती.

तेव्हा मंडळी, सामना चालू असताना ‘आपले’ म्हणणे सोपे आहे. सामना संपल्यावर गाडी कुठे वळते, ते पाहावे. मुलींच्या बाबतीतही तेच. गावातल्या मुली कित्येक दशके बाकावर बसून मुलांच्या नावाने आरोळ्या देत होत्या. त्यांची स्वतःची राज्य स्पर्धा सुरू व्हायला १९७६ साल उजाडले. आरोळ्यांत त्या ‘आपल्या’ होत्या. मैदान मात्र ‘आपले’ नव्हते.

रॉबर्टसनची कथा इथे संपत नाही, आणि आमच्या धंद्याचा भाग इथूनच सुरू होतो. तो पुढे धंदेवाईक खेळाडू झाला. १९६४ साली बोस्टन येथे निवडक खेळाडूंचा मोठा सामना होता. निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळेपर्यंत मैदानावर उतरायचे नाही, असे म्हणून खेळाडू कपडे बदलायच्या खोलीत बसून राहिले. बाहेर प्रेक्षक, दूरचित्रवाणीचे कॅमेरे, आत संप! मालक वाकले. रॉबर्टसन त्या खोलीत होता. १९६५ साली तो खेळाडूंच्या युनियनचा अध्यक्ष झाला आणि नऊ वर्षे त्या पदावर राहिला. त्या काळी खेळाडू ज्या संघाचा, त्याचा जवळजवळ कायमचा बांधील. मालक विकेल तिकडे त्याने जायचे, स्वतः होऊन जायचे नाही. १९७० साली रॉबर्टसनच्या नावाने युनियनने दावा लावला, आणि १९७६ च्या तडजोडीने ही वेठ सुटायला सुरुवात झाली. चौकातून वळवलेल्या गाडीवरच्या पोराने टाळ्या आणि हक्क यांतला फरक ओळखला होता, असे आम्ही समजतो.

हाच फरक कॉलेजच्या खेळात अधिक उघडा दिसतो. इंडियाना विद्यापीठ आणि पर्ड्यू विद्यापीठ यांच्या चाहत्यांचे हाडवैर असे, की एकाच घरात दोन पक्ष पडावेत. बॉब नाइट हे इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक १९७१ ते २००० या काळात राज्यातले बडे प्रस्थ. १९७६ साली त्यांच्या संघाने बत्तीसपैकी बत्तीस सामने जिंकले. १९८१ आणि १९८७ सालीही राष्ट्रीय अजिंक्यपद आणले. १९८५ साली पर्ड्यूविरुद्धच्या सामन्यात रागाच्या भरात त्यांनी खुर्ची उचलून मैदानावर भिरकावली. २००० साली विद्यार्थ्यांशी वागणुकीवरून त्यांना काढले, तेव्हा विद्यार्थीच त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले. कारखान्यातला मुकादम असा वागता, तर आम्ही फाटकावर सभा घेतली असती. पण जिंकून देणाऱ्या मुकादमाचा हात चाहत्याला दिसत नाही. त्याला फलकावरचे गुण दिसतात.

लॅरी बर्डचे उदाहरण घ्या. फ्रेंच लिक या छोट्या गावचा गरीब घरचा पोरगा. १९७४ साली तो इंडियाना विद्यापीठात गेला आणि महिन्याभरात परत आला. गावच्या नगरपालिकेत कचऱ्याच्या गाडीवर आणि रस्त्यांवर त्याने काम केले. मग टेरे होट गावच्या इंडियाना स्टेट विद्यापीठात गेला. टेरे होट म्हणजे रेल्वे कामगारांचे थोर पुढारी युजीन डेब्झ यांचे गाव. त्यांचे घर त्या विद्यापीठाच्या परिसरातच आजही जपलेले आहे. बर्डने या नवख्या संघाला एकही हार न पत्करता १९७९ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात नेले. तो सामना ते हरले, पण कॉलेजच्या बास्केटबॉलचा एवढा मोठा प्रेक्षकवर्ग दूरचित्रवाणीवर त्याआधी कधी जमला नव्हता. त्या प्रेक्षकवर्गातून पुढे अमाप पैसा आला. तो गेला कुणाकडे? विद्यापीठांकडे, प्रशिक्षकांकडे, वाहिन्यांकडे. खेळाडूला शिक्षण, जेवण, राहणे. वर मजुरी नाही.

याचे कारण एका शब्दात होते: ‘विद्यार्थी-खेळाडू’. कॉलेज-खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचे कित्येक वर्षे प्रमुख असलेले वॉल्टर बायर्स यांनी १९९५ साली स्वतःच लिहिले, की खेळताना जायबंदी झालेल्या पोरांना कामगार म्हणून नुकसानभरपाई द्यावी लागू नये, यासाठी हा शब्द १९५० च्या दशकात रूढ करण्यात आला. आपल्याकडे वर्षानुवर्षे यंत्र चालवणाऱ्याला ‘शिकाऊ’ म्हणून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. शब्द गोड, हिशोब कडू. या संघटनेची कचेरी १९९९ पासून इंडियानापोलिसमध्येच आहे. २०२१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ती हरली, आणि त्याच वर्षी खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली. २०२४ साली डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल खेळाडूंनी १३ विरुद्ध २ मतांनी युनियनच्या बाजूने कौल दिला. कॉलेजने मान्यता नाकारली आणि वर्षअखेर तो अर्ज मागे घ्यावा लागला. २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पोरांना पैसे मिळाले तर खेळाची निर्मळता जाईल, अशी हळहळ काही चाहत्यांना वाटते. तिकिटाचे पैसे मोजताना मात्र ही निर्मळता आठवत नव्हती.

आता गावांचे काय झाले ते सांगून आटोपते घेतो. १९५९ च्या कायद्याने इंडियानातल्या छोट्या शाळा एकत्र करण्यात आल्या. शिक्षणाच्या दृष्टीने त्याला कारणे होती; पण शाळा गेली तसा शेकडो गावांचा संघ गेला, आणि हिवाळ्यात एकत्र बसायचे निमित्त गेले. १९९७ नंतर पटसंख्येप्रमाणे शाळांचे चार गट पाडून चार अजिंक्यपदे सुरू झाली. लहान शाळेला जिंकायची संधी मिळाली हे खरे. पण दुसरे मायलन आता होणे नाही, म्हणून जुने चाहते अजून वाद घालतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

अँडरसनवर मात्र घाव बसला तो कारखान्यांकडून. एके काळी तिथे जनरल मोटर्समध्ये वीस हजारांहून अधिक माणसे कामाला होती. ते कारखाने एकेक करून बंद पडले. १९७० साली सत्तर हजारांवर असलेली वस्ती २०२० च्या शिरगणतीत पंचावन्न हजारांवर आली. गावच्या तीन हायस्कुलांचे एकच उरले. आणि २०११ साली, खर्च परवडत नाही म्हणून, शाळेने विगवॉमचे दार लावले. आमच्या गिरणगावात भोंगे थांबले तेव्हा मंडळांच्या मैदानांचे काय झाले, हे ज्यांनी पाहिले त्यांना अधिक सांगायला नको. १९३७ साली कचेरीवर चालून गेलेल्यांना वाटले असेल, की कामगारांचा प्रश्न हा कामगारांचा, आणि सामना तेवढा सर्वांचा. पण ज्या बाकांवर ते बसत, ते बाक त्याच कामगारांच्या मजुरीवर उभे होते. मजुरी गेली आणि बाक रिकामे झाले.

तात्पर्य, इंडियानाच्या माणसाला आम्ही वेडा म्हणत नाही. नऊ हजार माणसे थंडीत घराबाहेर पडून एका पोराच्या हातातल्या चेंडूवर जीव टांगतात, ही साधी गोष्ट नव्हे. आम्हांला एका सभेला नऊशे जमवताना काय कष्ट पडतात ते आम्ही जाणतो. आमचे म्हणणे एवढेच, की ज्याला खेळताना ‘आपला’ म्हटले, तो हरल्यावर, जायबंदी झाल्यावर, हक्काचा वाटा मागायला उभा राहिल्यावरही आपला असला पाहिजे. आपल्या गावातही कबड्डीची मंडळे आहेत, तालमी आहेत, जिंकलेल्या पोरांच्या मिरवणुका निघतात. पुढची मिरवणूक निघेल तेव्हा गुलाल जरूर उधळा. पण ती कोणत्या आळीपर्यंत जाते आणि कोणत्या आळीच्या तोंडावरून मागे वळते, तेवढे आपण सर्वांनी डोळे उघडे ठेवून पाहावे.